केसाएवढी रेघ

बहात्तर पॉइंट

नाजुकाचा कुणीतरी घात केला होता.

साठ पॉइंट

एवढ्या मोठ्या अक्षरात एका ओळीपलीकडे काही मावत नाही. जरा लहान आकारात सांगायचं, तर नाजुका ही बाई नव्हती. तो छपाईच्या इंग्रजी अक्षरांचा एक टाइप होता, आणि कारखान्यातल्या माणसांनी लाडाने ठेवलेलं ते त्याचं नाव होतं. तिच्या प्रत्येक अक्षरात एक रेघ खांबासारखी जाड, दुसरी केसाएवढी बारीक, आणि अधलंमधलं काही नाहीच. अक्षरं जिथे संपत तिथे छोट्या आडव्या रेघा, त्याही केसाएवढ्याच. लांबून पाहिलं की वाटावं, एखादी उंच बाई नुसत्या चवड्यांवर उभी आहे आणि तरी तोल जात नाही.

अजून तिचा जन्मही व्हायचा होता. बोटभर लांबीच्या पोलादी कांड्या आणि प्रत्येकीच्या टोकावर उलटं कोरलेलं एकेक अक्षर, एवढाच तिचा संसार. हे ठसे तांब्यावर ठोकायचे. तांब्यात अक्षर खोल उमटलं की त्या साच्यात शिसं ओतायचं, आणि शिशाचे खिळे छापखान्यात धाडायचे. मोठं गिऱ्हाईक मिळेपर्यंत तांबं वाया घालवायचं नाही, असं ठरलेलं असल्याने पेटी काही वर्षं कपाटातच होती. अखेर गिऱ्हाईक मिळालं. तांब्यावर पहिला घाव बसायच्या सकाळी अक्षरकारांनी पेटी उघडली आणि ते मटकन खाली बसले.

अठ्ठेचाळीस

जाड रेघा जागच्या जागी होत्या. बारीक तेवढ्या गेल्या होत्या.

एचचे दोन खांब उरले होते, मधला पूल नव्हता. ओचे दोन कंस झाले होते, समोरासमोर उभे आणि मधे बोलणंच नाही. एन म्हणजे नुसती एक तिरकी फळी. ई, एफ, एल आणि आय हे चौघे तर चार सारखे खांब होऊन बसले होते. कोण कुठला ते त्यांना जन्म देणाऱ्यालाही सांगता आलं नसतं.

तीनच ठसे शाबूत होते. क्यू, एक्स आणि झेड.

"तीनच का सोडले?" अक्षरकारांचे भागीदार म्हणाले. "हात दुखला की काय त्याचा?"



छत्तीस

भिंगरावांचं खरं नाव कोर्टातही कुणाला आठवत नसे. उभी हयात त्यांनी खोट्या सह्या पकडण्यात घालवली. भिंग डोळ्याला लावायचं, कागद नाकाजवळ धरायचा, आणि शेवटी एकच वाक्य बोलायचं, त्यावर कुणाचं घर जायचं तर कुणाचा मामा तुरुंगात जायचा. निवृत्त झाल्यावर घरात बायको म्हणायची, "आता माझ्या तोंडाकडे भिंग लावून बघू नका." त्यामुळे अक्षरकारांचा निरोप आला तेव्हा ते जवळजवळ धावतच कारखान्यात पोचले.

"पोलिसांना का नाही बोलावलंत?"

"काय सांगू त्यांना?" अक्षरकार म्हणाले. "एचची आडवी रेघ मारली म्हणून?"

अक्षरकार उंच, पांढऱ्याशुभ्र केसांचे, बोलताना हातांनी हवेत वळणं काढणारे. भिंतीवर त्यांचे सत्कार होते. पेटीवरची पट्टी अजून कोरी होती, कारण तिथे टाइपचं खरं नाव यायचं होतं, आणि ते अक्षरकारांचं आडनाव असणार होतं. देशभर खपणाऱ्या एका मासिकाने आपल्या मुखपृष्ठासाठी नाजुकाला निवडलं होतं. पुढच्या अंकात पानभर माहिती येणार होती, टाइपची आणि तो घडवणाऱ्याची.

"एकेक केस मी माझ्या हाताने कोरलाय, भिंगराव. श्वास रोखून. काळजाच्या दोन ठोक्यांच्या मधे हात चालवायचा, ठोका पडला की थांबायचं."

"मग परत कोरा की."

"मासिकाचे संपादकही तेच म्हणाले. अंक पुढे ढकलतो म्हणाले." अक्षरकारांनी हात झटकला. "पण आधी गुन्हेगार सापडायला हवा. त्याशिवाय मन कसं लागणार?"

भिंगरावांनी एचचा ठसा उचलला आणि भिंगाखाली धरला. दोन खांब. खांबांच्या कडा सुरेख, वरपासून खालपर्यंत एकसारख्या.

"ह्या जाड रेघा तरी तुमच्याच ना?"

"म्हणजे काय? माझा हात मी ओळखणार नाही?"

भिंगरावांनी ठसा फिरवला. जिथे आडवी रेघ खांबाला चिकटलेली असायला हवी होती, तिथली जागा त्यांनी बराच वेळ पाहिली. मग अशा आवाजात विचारलं, जणू पाणीच मागताहेत.

"कपाटाची किल्ली कुणाकडे असते?"

"बायकोच्या कमरेला."

चोवीस

तिशी उलटली तरी घरात तिला छकुलीच म्हणत. अक्षरकारांची ही एकुलती एक लेक कारखान्याचे नमुने छापून घेई आणि गिऱ्हाइकांना गळी उतरवी. नाजुकाचे नमुने अर्थातच छापलेले नव्हते. पाणी पाजून कडक केलेला ठसा दिव्याच्या ज्योतीवर धरायचा, त्यावर काजळी धरली की कागदावर दाबायचा. अशा काजळीच्या अक्षरांचा एक मोठा तक्ता तिने भिंगरावांपुढे पसरला.

"ही अशी होती. बघून घ्या."

"कशासाठी वापरायची हिला?"

"अत्तराच्या बाटलीवर. मासिकाच्या माथ्यावर. नाटकाच्या जाहिरातीत नटीच्या नावाला. नटाच्या नावाला नको, तो म्हणतो माझं नाव बारीक केलं. लग्नाच्या आमंत्रणावर. दवाखान्याच्या पाटीवर नाही, रोगी घाबरतो, बिल मोठं येणार म्हणून. थडग्याच्या दगडावर नाही, बारीक रेघा पावसात बुजतात. आणि औषधाच्या डबीवर तर मुळीच नको. एवढ्याशा आकारात केस तुटतात, तीनाचा आठ वाचला जातो, माणूस मरतो." ती थांबली. "ही बातमी सांगायला नाहीच, भिंगराव. ही नाव सांगायला आहे."

भिंगरावांचं बोट तक्त्यावरून फिरत शेवटच्या ओळीवर थांबलं. बाकी सगळीकडे बारीक रेघ अशी, की कागदावर आहे की डोळ्यात आहे असं वाटावं. क्यू, एक्स आणि झेडमध्ये मात्र ती जरा जाडसर होती. सुतळी नव्हे, पण केसही नव्हे.

"हे तिघे वेगळे का?"

"शेवटी झाले ते." छकुली तक्ता गुंडाळू लागली. "कमी लागणारी अक्षरं सगळ्यात शेवटी कोरतात. तोपर्यंत आई गेली होती."

"आईचा काय संबंध?"

ती गुंडाळी घट्ट करत राहिली.

"तुम्ही स्वतः कोरता का ठसे?"

"आईने शिकू दिलं नाही. या खड्ड्यात तू उतरायचं नाहीस, म्हणाली."

"खड्ड्यात कोण उतरलं होतं?"

"बाबांचं नाव जाऊ दे त्या पट्टीवर, मला चालणार होतं," ती एकदम म्हणाली. "पण ती अक्षरं जगात यायला हवी होती. तेवढंच राहिलं होतं तिचं. आता तेही नाही. आणि हे कुणी केलं ते शोधायला तुमचं भिंग कशाला हवं? आईला जाऊन वर्ष होतंय न होतंय तोवर मावशी या घरात नवरी होऊन आली. सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याशी लग्न. आईच्या साड्यांचं कपाट रिकामं केलं, आता हे. तिला आईची खूणसुद्धा नको आहे."

अठरा

"ह्या ठशांना पाणी तुम्हीच पाजलंत ना?" भिंगरावांनी विचारलं.

"पोलादाला पाणी या कारखान्यात मीच पाजतो," भागीदार म्हणाले. "लाल करायचं आणि बुडवायचं. त्याशिवाय तांब्यावर ठोकला की ठसाच चेपेल. नाजुकाचे सगळे मीच बुडवलेत. का?"

"हा घ्या. एच."

"मला तर त्या दिवसापासून पेटीला हात लावू देत नाहीत हे. जसा काही मी चोरच."

"आता मी देतोय ना. बघा."

भागीदारांनी ठसा घेतला. उजेडात धरला. मग अंगठ्याने घासला. मग नाकाजवळ नेला.

"कुठून आणलात हा?"

"पेटीतून."

"थट्टा करू नका."

"पेटीतूनच. हा ओ, हा एम, हा ई. आणि हा क्यू."

भागीदारांनी क्यू एका हातात आणि ओ दुसऱ्या हातात घेतला. क्यूची कांडी काळीकुट्ट होती, तेलकट. ओची करडी, स्वच्छ, पावसाळ्यातल्या आभाळासारखी.

"मी तेलात बुडवतो. नेहमीच. तेलात पोलाद काळं पडतं. हा क्यू माझा." त्यांनी ओ टेबलावर ठेवला, विंचू ठेवावा तसा. "हे पाणी माझं नाही."

चौदा

मावशींचं दुकान वडिलांच्या वेळचं. दोघी बहिणी शिक्के कोरणाऱ्याच्या मुली. थोरली अक्षरकारांना दिली, धाकटी वडिलांजवळ राहिली आणि दुकान चालवत राहिली. लग्नानंतरही दुपारभर ती इथेच असे. रबरी शिक्क्यांची मांडणी, मागे एक टेबल, शेजारी छोटीशी भट्टी. कंपन्यांना कागदावर उठाव काढायचे पोलादी शिक्के लागतात, तेही ती करी.

"शिक्का हवाय," भिंगराव म्हणाले.

"काय लिहू?"

"'तपासलं.'"

"एवढंच?"

"सही मी करतो."

ती हसली. गोल चेहरा, जाड भिंगाचा चष्मा, हाताच्या बोटांना बारीक बारीक चिरा. "आमच्या ह्यांनी पाठवलं का तुम्हाला? छकुलीने सांगितलं असेल, मावशीच दुष्ट. बिचारी. मीही तिच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं."

"साड्या कुठे आहेत बहिणीच्या?"

"माझ्या माडीवर. ह्यांनी त्या पायपुसण्याला कापायला काढल्या होत्या. तिला सांगू नका, बापाबद्दल अजून थोडं प्रेम शिल्लक आहे तिला."

भिंगराव भट्टीजवळ गेले. खाली एक घमेलं होतं, त्यात पाणी, आणि काठावर पांढरा थर. त्यांनी बोट लावलं आणि जिभेवर टेकवलं. बायकोने पाहिलं असतं तर ओरडली असती.

मीठ.

"मिठाच्या पाण्यात बुडवता?"

"वडिलांची पद्धत. पोलाद गोरं राहतं."

भिंगरावांनी बोट रुमालाला पुसलं.

"बहीण कशी होती तुमची?"

"माझ्यापेक्षा हात चांगला होता तिचा." मावशींनी चष्मा काढून पुसला. "ती गेल्यावर मोठी शोकसभा झाली. मोठमोठी माणसं आली होती. आमचे हे बोलायला उभे राहिले. म्हणाले, ती आदर्श पत्नी होती, माझ्या कामात तिने कधी लुडबुड केली नाही. लोकांनी माना डोलावल्या. मी दुसऱ्या रांगेत बसले होते. मीही डोलावली."

बारा

बाकावर बसून भिंगरावांनी उत्तरं मांडली आणि एकेक खोडलं.

उत्तर पहिलं. कुणीतरी रागाच्या भरात बारीक रेघा मोडल्या. खोडलं. पाणी पाजलेलं पोलाद मोडलं की आतून साखरेसारखं दाणेदार दिसतं. इथे दाणा नाही. कानशीचे ओरखडे आहेत, आणि त्या ओरखड्यांवर तीच करडी साय आहे जी बाकीच्या कांडीवर आहे. म्हणजे आधी रेघ गेली, मग पाणी पाजलं गेलं.

उत्तर दुसरं. मग भागीदारांनी पाणी पाजायच्या आधीच रेघा नव्हत्या. खोडलं. काजळीचा तक्ता पाणी पाजल्यानंतरचा आहे आणि त्यात त्या आहेत. शिवाय हे पाणी भागीदारांचं नाही.

उत्तर तिसरं. तर मग हे ते ठसेच नाहीत. कुणीतरी सगळा संच दुसऱ्यांदा कोरला, फक्त जाड रेघांचा, आणि मूळ ठशांच्या जागी ठेवला. हे खोडता येईना.

पण मग अडलं ते असं. ठसे चोरायचे होते तर चोरून न्यायचे. नासवायचे होते तर हातोडीचा एकेक टोला पुरे होता. चोरून वर त्याजागी नासके ठसे ठेवायला, महिनोन्‌महिने पोलाद कोरत बसायला, माणूस वेडा हवा.

किंवा असा हवा, की ज्याला ते नासलेलं दिसायला हवंय, पण ज्याचा हात त्यावर हातोडी उचलू शकत नाही.

आणि नासलेलं दिसून काय मिळणार? चोरी झाली असती तर अक्षरकार बिचारे ठरले असते. सगळं जग हळहळलं असतं, शोध लागला असता. नासलेल्या वस्तूबद्दल मात्र लोक एकच विचारतात. मुळात घडवली कुणी होती? त्याच्याचकडून परत करून घ्या.

भिंगराव उठले. गुडघे वाजले. वेडं कुणीच नव्हतं.

अकरा

"तुम्ही परत आलात. शिक्का अजून झाला नाही."

"ठसे कुठे आहेत?"

मावशींनी गल्ल्याशेजारचा खण उघडला. फलानीनच्या तुकड्यात गुंडाळलेल्या काळ्या कांड्या. गिऱ्हाईक रोज कोपर टेकून उभं राहायचं, त्याच्या कोपराखालीच. भिंगरावांनी एच काढून भिंग लावलं. दोन खांब, आणि मधे ती रेघ. त्यांनी कितीतरी सह्या पाहिल्या होत्या, राजांच्या, लफंग्यांच्या. एवढी खात्रीची रेघ पाहिली नव्हती. त्यांनी नकळत श्वास रोखला होता.

"सांगणार?"

"सांगणारच. त्याचेच पैसे घेतलेत."

"नाही म्हणत नाही मी." तिने फलानीन परत गुंडाळली. "कुणासमोर सांगणार, एवढंच विचारते. एकट्यांना सांगितलंत तर आज संध्याकाळी हे येतील, खण उघडतील, उद्या तांब्यावर घाव, आणि पट्टीवर नाव. मला घराबाहेर काढतील, त्याचं काही नाही. मी त्या घरात राहायला आलेच नव्हते."

भिंगराव बाहेर पडले. कोपऱ्यावरून त्यांनी मासिकाच्या संपादकांना फोन लावला.

दहा

सकाळचं ऊन कारखान्याच्या मोठ्या खिडकीतून कोरायच्या टेबलावर पडलं होतं. संपादक आले होते, टापटीप आणि जरा वैतागलेले. भागीदार दाराशी. छकुली तक्त्याची गुंडाळी छातीशी धरून. मावशी सगळ्यात मागे, पर्स घट्ट धरून. अक्षरकारांना संपादकांचं येणं आवडलं नव्हतं, पण ते हसत होते.

"बोला, भिंगराव. कोण आहे तो हलकट?"

"आधी चांगली बातमी. नाजुका जिवंत आहे."

छकुलीच्या हातातून गुंडाळी निसटली.

भिंगरावांनी सगळं सांगितलं. साखरेसारखा दाणा नव्हता ते, ओरखड्यांवरची साय, काळं पोलाद आणि करडं पोलाद. भागीदार मधेमधे "बरोबर", "अगदी बरोबर" म्हणत राहिले, जणू शोध त्यांनीच लावला.

"म्हणजे पेटीतले हे ठसे खोटे?" संपादकांनी विचारलं.

"तीन सोडून सगळे. दुसऱ्याच हाताने कोरलेले. त्यातल्या जाड रेघासुद्धा." भिंगराव अक्षरकारांकडे वळले. "तुम्ही त्या तुमच्याच म्हणून ओळखल्या होत्यात. माझा हात मी ओळखणार नाही, असं म्हणालात. माझ्या धंद्यात माणूस स्वतःची सही नाकारतो. परक्याची सही स्वतःची म्हणून इतक्या पटकन घेतो, तो दुसरंही काहीतरी असंच घेत आला असणार, असं मला वाटलं."

"हे काय चाललंय?" अक्षरकार म्हणाले. "ठसे कुणी नेले ते सांगा."

"मी," मावशी म्हणाल्या.

त्या पुढे आल्या, पर्स उघडली, फलानीनची गुंडाळी टेबलावर ठेवली आणि उलगडली. उन्हात काळ्या कांड्या चमकल्या. संपादक वाकून बघायला लागले आणि बघतच राहिले.

अक्षरकारांनी हात पुढे केला. मावशींनी त्यांच्या हातावर आपला हात ठेवला, अगदी हलका.

"तुम्ही माझी बायको आहात," ते दातांतून म्हणाले. घरात ते तिला कधी अहोजाहो करत नसत.

"आहे ना. कपाटाची किल्ली बायकोच्याच कमरेला असते, म्हणून तर झाले."

"मावशी," छकुली म्हणाली. "म्हणजे तू..."

"तुझी आई मोठ्या रेघा ह्यांना करू द्यायची. खांब कुणीही उभा करतो. केस तिचे. डोळे गेले तिचे त्यात, तुला माहीत आहे, तू शेजारी बसायचीस. शेवटी छातीत कफ भरला, श्वास लागेना. मी म्हटलं, दवाखान्यात न्या. हे म्हणाले, डब्ल्यू झाला की जाऊ." मावशींनी फलानीनमधून एक कांडी उचलली आणि संपादकांच्या हातात दिली. "हा डब्ल्यू. बघा, किती सुंदर झालाय. तो झाला, आणि ती गेली. त्यानंतरचे क्यू, एक्स, झेड ह्यांचे. ते मी पेटीतच ठेवले. कुणाचं काही घ्यायचं नाही, असं वडिलांनी शिकवलंय."

संपादकांनी डब्ल्यू पाहिला. मग पेटीतला एक्स. मग पुन्हा डब्ल्यू. त्यांना भिंगाची गरज पडली नाही.

"खोटं आहे," अक्षरकार म्हणाले. "दुःखाने डोकं फिरलंय हिचं. बहिणीवर फार जीव होता. संपादकसाहेब, ह्या घरगुती गोष्टी तुमच्यासमोर..."

"मी कुठे म्हणते माझ्यावर विश्वास ठेवा?" मावशींनी खुर्ची टेबलापुढे सरकवली. त्यांनी पर्समधून एक कांडी काढली, मऊ पोलादाची, अजून पाणी न पाजलेली. टोकावर एचचे दोन खांब कोरलेले, आणि दोघांच्या मधे पोलादाचा जाड ओंडका तसाच. "दोन्ही खांब तयार आहेत. मधली एक रेघ काढा. एकच. बाकीचा ओंडका कोरून टाकायचा, केसाएवढा ठेवायचा. तुम्ही काढलीत, तर हे सगळे ठसे तुमचे, पट्टीवर नाव तुमचं, आणि मी भरल्या बाजारात तुमचे पाय धरीन."

भागीदारांनी हळूच दार लावून घेतलं.

"ह्यात काय अवघड आहे?" संपादक सावकाश म्हणाले. "खरं तर छानच होईल. अंकासाठी फोटो काढता येईल. घडवणारा, काम करताना."

सहा

एवढ्या लहान आकारात नाजुका कधी कोरलीच नव्हती. इथे केस टिकत नाहीत.

अक्षरकार खुर्चीवर बसले. त्यांनी बाह्या दुमडल्या. कांडी चिमट्यात घट्ट बसवली, सैल केली, पुन्हा बसवली. म्हणाले, उजेड बरोबर नाही.

छकुली उठली. सगळ्यांना वाटलं, ती बाहेर जाणार. तिने खिडकीचा पडदा पूर्ण बाजूला सारला, कोपऱ्यातला दिवा आणला, बापाच्या डाव्या हाताला ठेवला आणि दिव्याची मान वाकवून उजेड नेमका दोन खांबांच्या मधे पाडला.

"आता, बाबा?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिने नजर काढून घेतली नाही. आईसारखे डोळे होते तिचे, आई बघायची तेव्हाचे.

ते म्हणाले, सळईला धार नाही. कुणी हरकत घेतली नाही. त्यांनी दगडावर तेलाचा थेंब टाकला आणि कोरायची सळई घासायला घेतली. एक बाजू झाली. दुसरी झाली. नखावर टोक टेकवून पाहिलं आणि पुन्हा पहिली बाजू घेतली. सळईला लखलखीत धार आली होती, दाराशी उभ्या असलेल्या भागीदारांनाही ती दिसत होती. दगडाचा आवाज चालूच राहिला. संपादकांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, मग अक्षरकारांच्या हाताकडे, आणि मग त्यांनी खिशातली वही काढून आधी लिहिलेलं एक नाव खोडलं. दुसरं लिहायला त्यांनी छकुलीला हळू आवाजात विचारलं, आईचं पूर्ण नाव काय. तिने सांगितलं. दगडाचा आवाज क्षणभर थांबला.

मग परत सुरू झाला, आधीपेक्षा जोरात.

भिंगरावांनी टोपी उचलली. त्यांचं काम संपलं होतं. दारातून त्यांनी मागे पाहिलं तेव्हा मावशींनी आणखी एक खुर्ची ओढली होती, नवऱ्याच्या अगदी समोर. छकुली येऊन तिच्या शेजारी बसली. दोघींनी हात मांडीवर ठेवले.

"सावकाश होऊ दे," मावशी म्हणाल्या. "आम्हाला कुठे जायचं नाही."